पाणी कुठलं?

बाबा कुठेही गेले की पहिला घोट घेऊन झाल्यावर विचारतात, "पाणी कुठलं?" चव आवडली तरी विचारतात, नाही आवडली तरी विचारतात. पुण्याबाहेर पडलेल्या पुणेकराची ही खोड असणार, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. पेठांमध्ये वाढलेल्या माणसांना कात्रजचं पाणी, खडकवासल्याचं पाणी, आडाचं पाणी असा भेद जिभेवर करता येतो. निदान येतो असं त्यांना वाटतं. २०२४च्या ऑक्टोबरात ते आमच्याकडे बेंगळुरूला, इलेक्ट्रॉनिक सिटीत, महिनाभर राहायला आले आणि पहिल्याच संध्याकाळी हा प्रश्न आला. मला उत्तर देता आलं नाही.

म्हणजे काहीतरी सांगितलं. सोसायटीत टँकर येतो, तो बोअरचं पाणी आणतो, ते गच्चीवरच्या टाकीत चढतं, तिथून नळाला. प्यायचं तेवढं फिल्टरमधून. "ते कळलं," बाबा म्हणाले, "पण कुठलं?" टँकरवाल्याला मी एकदा हेच विचारलं होतं, तेव्हा तो नुसता हसला होता. बोअर कोणाच्या शेतातली, किती खोल, हे त्याच्या धंद्याचं गुपित. १९७८च्या सुमारास कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या दोन गावांच्या ३३२ एकर जमिनीवर ही वसाहत उभी राहायला लागली. इथे बसून माणसं जगातल्या कुठल्याही बँकेचा कुठलाही व्यवहार कुठून कुठे गेला ते सांगू शकतात. स्वतःच्या पेल्यातलं पाणी कुठून आलं, ते सांगू शकत नाहीत. त्याच वर्षी मार्चमध्ये शहरात इतकी टंचाई झाली होती की प्यायच्या पाण्याने गाडी धुतली तर पाच हजार रुपये दंड जाहीर झाला होता. तेव्हाही आम्ही टँकर कधी येणार एवढंच विचारत होतो.

मूळ शहराचं पाणी मात्र सांगता येतं. ते कावेरीचं. सुमारे १०० किलोमीटरवरच्या तोरेकाडनहळ्ळीहून, मग हारोहळ्ळी, मग तातगुणी अशा तीन टप्प्यांत पंपांनी जवळजवळ ५०० मीटर वर चढवून ते बेंगळुरूच्या पठारावर आणतात. पहिला टप्पा १९७४ सालचा. पाचव्याचं उद्घाटन बाबा आले त्याच महिन्यात झालं होतं. आसपासच्या ११० गावांना आता पाणी मिळणार, असं वर्तमानपत्रात होतं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नदी वर चढवतात? पुण्यात ती आपली आपण खाली येते." मग म्हणाले, "बघायला जाऊ या."

बघायला काय जायचं, हा प्रश्नच होता. पंपिंग स्टेशनच्या भिंती? शेवटी मी तिप्पगोंडनहळ्ळी सुचवलं. अर्कावती आणि कुमुदवती यांच्या संगमावर १९३३ साली बांधलेलं धरण, शहराच्या पश्चिमेला, नाइस रोडने मागडी रस्त्याला लागलं की फार दूर नाही. त्याआधी शहर हेसरघट्टचं पाणी पीत होतं, १८९४पासून. ते पुरेना म्हणून हे. कावेरी वर चढवण्याआधी चाळीस वर्षं बेंगळुरू मुख्यतः याच तळ्यावर जगलं. दिवाळीच्या आधीच्या रविवारी आम्ही तिघं निघालो: बाबा, माझी अकरा वर्षांची मुलगी आणि मी. पुऱ्या, बटाट्याची भाजी, चटई, बॅडमिंटनच्या दोन रॅकेटी. सहलच होती.

फाटक बंद होतं. त्यावर कन्नडमध्ये पाटी. मुलीने अडखळत वाचली: "प्रवेश निषेधिसलागिदे." बाबांना कन्नड येत नाही, पण शब्द ओळखीचे निघाले. "प्रवेश, निषेध... कोणाचा निषेध?" मी भाषांतर करून पोट भरते, त्यामुळे असल्या शब्दांपाशी रेंगाळायची मला सवय आहे. कन्नडमध्ये निषेध म्हणजे मनाई, संस्कृतातही तेच. मराठीत मात्र आपण निषेध करतो, मोर्चा काढून, निवेदन देऊन, वरच्याचा. तोच शब्द तिकडे वरून खाली येतो आणि इकडे खालून वर जातो. बाबांना हे फार आवडलं. ते पाटीकडे बघून म्हणाले, "बरं आहे, मग आम्हीही निषेध करतो," आणि फाटकासमोरच्या झाडाखाली चटई घालायला लागले.

आतून पहारेकरी आला. साठीच्या आसपासचा, खाकी शर्ट, पायात रबरी चपला. आत सोडता येणार नाही, असं त्याने नीट सांगितलं. पण उठा असं म्हणाला नाही. बाबांकडे बघून "अज्जा, कूतकोळ्ळि" म्हणाला, आजोबा, बसा. तिथून पाणी दिसत नव्हतं. एक चढ, थोडी झुडपं, आणि पलीकडे आभाळ जरा जास्त उजळ होतं, त्यावरून खाली पाणी असणार हे कळत होतं.

मुलीची तक्रार रास्त होती. "आपल्या पाण्याचं धरण आहे तर आपल्याला का बघू देत नाहीत?" आपल्या पाण्याचं ते नाही, हे तिला सांगावं लागलं. शिवाय आता ते फारसं कोणाचंच उरलेलं नाही. वरून येणारं सांडपाणी आणि कारखान्यांचं पाणी मिसळत गेलं आणि २०१२च्या सुमारास शहराने ते प्यायचं सोडलं. पुन्हा प्यायच्या लायकीचं करायच्या योजना चालू असतात. "मग आता तर जाऊ द्यायला काय हरकत आहे?" ती म्हणाली.

या प्रश्नात तिला दिसलं नाही असं बरंच काही आहे. आपल्या शहरांमध्ये मजा करायला मोकळी असलेली तळी आठवून बघा. बेंगळुरूत सँकी टँक, १८८२ सालचं, शहराला पाणी पुरवायला बांधलेलं. आज तिथे लोक पहाटे चालायला जातात. अलसूरला होड्या आहेत. मुंबईत पवई: एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पिण्यासाठी बांधलं, पाणी पिण्यालायक निघालं नाही म्हणून सोडून दिलं, आणि मग तिथे गळ टाकणारे आले, फिरायला येणारे आले. त्याच मुंबईतला विहार तलाव, १८६०चा, एके काळी सहलींचं ठिकाण होता. तो अजून पाणी देतो आणि सामान्य माणसाला बंद आहे. जे पाणी आपल्या पोटात जातं ते कुलपात, आणि ज्याच्याशी खेळायची मुभा आहे ते बहुधा मेलेलं. पाण्याशी आपली दोस्ती होते ती त्याची नोकरी सुटल्यावर.

मराठी वाचकाला याला एक ठळक अपवाद लगेच आठवेल. खडकवासला. मुठेवरचं हे धरण १८७९-८०मध्ये पुरं झालं, इंग्रजांनी त्याला लेक फाइफ असं नाव दिलं होतं, आणि पुणं आजही त्याच्याच साखळीचं पाणी पितं. त्याच्याच काठावर रविवारी चौपाटी भरते. माझ्या लहानपणीचे कितीतरी रविवार तिथे गेले. भाजलेलं कणीस, तिखटमीठ लिंबू, कांदाभजी, घोडा, फुगे, आणि आईची नजर चुकवून पाण्यात घातलेले पाय. संध्याकाळी घरी येऊन आम्ही नळाचं पाणी प्यायचो. आपणच पाय घातलेलं पाणी आपण पितोय, हे कधी मनात आलं नाही. बाबा यायचे, पण काठावर यायचे नाहीत. रस्त्याच्या पलीकडे स्कूटरला टेकून उभे राहायचे. स्कूटर सांभाळतात, असं आम्हाला वाटायचं.

कणसं विकणारी एक बाई ठरलेली होती. आई तिच्याशी घासाघीस करायची आणि गप्पाही मारायची. तिचं सासर वरच्या अंगाला, पानशेतकडचं, गाव धरणात गेलेलं. "आमचं घर तुमच्या नळात हाय," असं ती एकदा हसत म्हणाली होती. आईही हसली होती आणि मग तिने चार आणे जास्त दिले होते. कन्नडमध्ये 'केरेगे हारा' नावाचं एक जुनं लोकगीत आहे. गावाने तळं खोदलं, पाणी लागेना, तेव्हा गौडाच्या धाकट्या सुनेचा, भागीरथीचा, बळी दिला आणि पाणी आलं. कर्नाटकातल्या शाळांमध्ये मुलं ते शिकतात, रडतात. मला ते वाचताना नेहमी ती कणीसवाली आठवते, कारण तिच्या गोष्टीत कोणी रडलं नव्हतं. अमेरिकेत बॉस्टनला पाणी देणाऱ्या क्वाबिन जलाशयाखाली चार गावं आहेत, १९३८ साली कायद्याने रद्द केलेली. तिथे नेमून दिलेल्या जागी होडीतून मासे धरता येतात, पाण्यात उतरता येत नाही. तिथे येणाऱ्याला त्या चार गावांची नावं माहीत असतात. एन्फील्ड, डॅना, ग्रीनिच, प्रेस्कॉट. खडकवासल्याच्या चौपाटीवर वरच्या धरणांत गेलेल्या गावांची नावं मी तरी कधी ऐकली नाहीत.

तर प्रश्न असा की, पिण्याच्या पाण्यावर मजा करायला जावं का? फाटकाबाहेर बसून मी याच्या दोन्ही बाजू मनात घोळवत होते, आणि मला पूर्ण पटेल अशी एकही बाजू मिळत नव्हती. बंदीच्या बाजूने बोलायचं तर कारणं खरी आहेत. लोक बुडतात, याच अर्कावतीवर खाली मंचनबेलेला दर काही दिवसांनी कोणीतरी पोहायला उतरतो आणि वर येत नाही. लोक प्लास्टिक टाकतात. शहराचं पाणी ही राखायची गोष्ट आहे. दुसरीकडे, जे कधी दिसतच नाही त्याची काळजी माणूस कशी घेणार? भिंतीवर उभं राहून उन्हाळ्यात खाली गेलेली पातळी बघितलेल्या पुणेकराला 'धरणात अमुक टक्के साठा' या ओळीचा अर्थ कळतो. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या माणसाला टाकी रिकामी झाल्याचा मेसेज तेवढा कळतो. नुसतं बघितल्याने माणूस शहाणा होतो असं नाही. तसं असतं तर चौपाटीवर इतका कचरा झाला नसता. पण न बघता शहाणं होण्याची काही वाटच नाही.

फाटक उघडावं, असं माझं म्हणणं नाही. मला खटकतं ते वेगळंच. पाण्यात घातलेले एका मुलीचे पाय जे बिघडवतील ते निवळवून, क्लोरीन घालून निस्तरता येतं. तेवढ्यासाठीच तर शुद्धीकरण केंद्रं असतात. तिप्पगोंडनहळ्ळी मेलं ते कोणाच्या पायांनी नाही. वरच्या अंगाला वाढलेल्या वस्त्या, कारखाने, शेतांचे झालेले प्लॉट यांनी ते मेलं. त्यांच्यासाठीही नियम झाले होते. २००३ साली सरकारने या पाणलोट क्षेत्रात विभाग पाडून बांधकामावर निर्बंध घातले, आणि २०१९ साली ते सैल केले. पाटी फाटकावर राहिली. म्हणजे चालत येणाऱ्याला निषेध, आणि नाल्यातून येणाऱ्याला रस्ता. खडकवासल्याची गोष्ट वेगळी नाही. काठावर भजी खाणाऱ्याला पोलीस शिट्टी मारतो, वरच्या डोंगरउतारावर बंगल्यांच्या स्कीमा पाण्याकडे तोंड करून उभ्या राहतात.

जुन्या पाणवठ्यालाही नियम होते. नदीवर वरच्या अंगाला प्यायचं पाणी भरायचं, त्याखाली आंघोळ, त्याखाली धुणं, आणि अगदी खाली गुरं. किती शहाणपणाची मांडणी, असं मी पूर्वी एका लेखात लिहिलंही होतं. नळ आला आणि पाण्याची उपयोगाची जागा आणि गप्पांची जागा वेगळी झाली, असं काहीतरी. लेख लोकांना आवडला होता. आज तो मला पुरता पटत नाही, कारण त्या उतरंडीत माणसांचीही उतरंड होती आणि ती मी एका वाक्यात उरकली होती. पाणी राखायचा नियम आणि आपलं मोठेपण राखायचा नियम दिसायला अगदी सारखे असतात. दोन्हींची भाषा शुद्धतेची.

मुलीला मी त्या झाडाखाली महाडची गोष्ट सांगितली, कारण "कुठल्याही तळ्यावर कोणालाही जाता आलं पाहिजे" असं तिने जाहीर केलं होतं. १९२३ साली मुंबईच्या विधिमंडळात सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करण्याचा ठराव झाला, महाडच्या नगरपालिकेनेही पुढच्या वर्षी तसा ठराव केला, तरी चवदार तळ्यावर अस्पृश्य मानलेल्यांना जाता येत नव्हतं. गुरांना मज्जाव नव्हता. २० मार्च १९२७ला डॉ. आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. मग गावातल्या सवर्णांनी तळ्यात १०८ घागरी शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून तळं 'शुद्ध' केलं. मुलगी थांबली. "शेण घालून शुद्ध?" तिने पुन्हा विचारलं. पुढे खटला चालला आणि १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयात निकाल लागला, वगैरे मी सांगत होते, पण ती शेणापाशीच अडली होती.

बाबा इतका वेळ गप्प होते. मग त्यांनी पुरीचा डबा बंद केला आणि एक गोष्ट सांगितली, जी मी त्रेचाळीस वर्षांत ऐकली नव्हती.

१२ जुलै १९६१. पानशेत फुटलं, त्याच्या लोंढ्याने खडकवासला फुटलं, पुण्यात पूर आला. बाबा तेव्हा अकरा वर्षांचे. वाडा उंचावरच्या पेठेत, तिथवर पाणी पोचलं नाही. पूर ओसरला आणि मग नळ बंद झाले, कारण धरणच उरलं नव्हतं. आधी पाणी आलं आणि मग पाणी गेलं, असं ते म्हणाले. वाड्यात आड होता. आजोबांनी दार सगळ्यांना उघडं केलं. या गोष्टीचा घरात पुढे पुष्कळ बोलबाला झाला. तेवढी मी ऐकली होती. नदीकाठच्या, घरं वाहून गेलेल्या वस्त्यांतून माणसं भांडी घेऊन यायची. पण रहाटाला हात कोणी लावायचा ते ठरलेलं होतं. 'त्यांनी' दाराशी उभं राहायचं आणि घरच्या मुलाने कळशीतून त्यांच्या भांड्यात ओतायचं. वरून. भांड्याला भांडं लागता कामा नये. ते काम बाबांकडे होतं.

"एक मुलगी होती, माझ्याएवढीच. डालड्याचा डबा होता तिच्याकडे. तोंड लहान, त्यामुळे अर्धं पाणी बाहेर सांडायचं. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, जरा खाली धर ना. एवढंच. आई ओसरीवर उभी होती."

आम्ही वाट बघितली.

"नाही धरली," बाबा म्हणाले.

मग जरा वेळाने, जणू दुसऱ्याच विषयावर बोलतोय असं: "आई प्रवासात कोणी पाणी दिलं की विचारायची, पाणी कुठलं? तिला काही नदीचं नाव नको असायचं. मला ते मोठं झाल्यावर कळलं. पण तोवर तोंडात बसलं होतं."

मला काही सुचलं नाही. स्कूटरला टेकून उभे असलेले बाबा मला आठवत होते. पुराच्या भीतीने ते काठावर येत नसणार, असं मी कॉलेजात असताना ठरवून टाकलं होतं. तेव्हा ती उकल मला पुरेशी वाटली होती. कदाचित खरीही असेल. मी विचारलं नाही.

मुलगी उठून फाटकापाशी गेली होती आणि आपल्या शाळेतल्या कन्नडमध्ये पहारेकऱ्याशी बोलत होती. आमच्या बाटल्या संपल्या होत्या. ऊन बरंच होतं. तो आत गेला आणि स्टीलचा एक तांब्या घेऊन बाहेर आला. "नीरु कुडितीरा, अज्जा?" पेला नव्हता. बाबांनी चटईवरून उठून ओंजळ धरली. पहारेकऱ्याने तांब्या ओंजळीच्या अगदी जवळ आणला, त्यांच्या बोटांना लागेल इतका, आणि हळूहळू ओतत राहिला. बाबा बराच वेळ पीत होते. पाणी त्यांच्या कोपरांवरून शर्टाच्या बाह्यांत जात होतं.

प्रश्न त्यांनी विचारला नाही. तो मुलीने विचारला, आणि तिला खरोखरच नदीचं नाव हवं होतं.

पहारेकरी फाटकाच्या आत बोट दाखवेल असं मला वाटलं होतं. त्याने रस्त्याकडे दाखवलं. मागडी रस्त्यावरच्या दुकानातला कॅन, वीस लिटरचा. दर दोन दिवसांनी मोपेडवरून आणतो. दुकानदार कुठून आणतो? ते त्याला ठाऊक नव्हतं.

आम्ही पुऱ्या तिघांत संपवायच्या ठेवल्या होत्या, त्या चौघांत संपवल्या.